कोर्ट उठेपर्यंत

उंब्रजच्या स्वप्ना भिसेच्या पायाला भिंगरी होती असं तिचे वडील म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. एस.टी.त बसायला जागा मिळाली तरी ती थोड्या वेळाने उठून दाराशी जाऊन उभी राहायची. जेवताना ताट हातात घेऊन घरभर हिंडायची. आप्पासाहेब भिसे कराड डेपोत मेकॅनिक होते. मुलगी बी.ए. झाली तेव्हा ती शाळेत शिक्षिका होईल, निदान एका जागी बसेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली.

सांगलीहून निघणाऱ्या एका दैनिकाला ती मजकूर द्यायची. नेमणूकपत्र नाही, ओळखपत्र नाही, छापून आलं तर सेंटीमीटरवर मोबदला. मजकुराचं पाकीट सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं, कचेरीतला माणूस ते स्टँडवर उतरवून घ्यायचा. पाकीट पोचलं की नाही हे विचारायला ती नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून फोन करायची आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत वायर पुरेल तेवढ्या येरझारा घालायची. नावाखाली 'मुक्त पत्रकार' असं छापून यायचं. ते दोन शब्द तिला फार आवडत.

१९९५च्या सुरुवातीला ती कोरेगावच्या बाजूला एका वस्तीवर गेली होती. तिथे तिच्या आईकडून नात्यातल्या पारूबाई राहायच्या. दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी गेलेली स्वप्ना चहाला म्हणून टेकली, तेवढ्यात पारूबाईंची मुलगी छबू टेम्पोतून उतरली. अंगावर नवा निळा फ्रॉक, वेण्यांना लाल रिबिनी. कुठं गेली होतीस असं विचारल्यावर पोर म्हणाली, "वसतिगृहात. आज मी वैशाली हुते. मागल्या बारीला संगीता हुते."

पारूबाईंनी तिला गप्प केलं. पण स्वप्नाच्या हातातला कप तसाच राहिला. थोडं थोडं विचारत गेल्यावर सगळं बाहेर आलं. सह्यकिरण शिक्षण मंडळ नावाची एक संस्था होती. रावसाहेब थोरबोले तिचे अध्यक्ष. मागासवर्गीय मुलींसाठी या संस्थेची तीन वसतिगृहं होती, दोन सातारा जिल्ह्यात, एक सांगली जिल्ह्यात. सरकारी अनुदान डोक्यामागे मिळायचं, आणि तेवढी डोकी तिथे नव्हती. तपासणीचा दिवस आला की टेम्पो वस्त्यावस्त्यांवर फिरायचा, मुली गोळा करायचा, त्यांच्याकडून पटावरची नावं पाठ करून घेतली जायची. शिरा-पुरीचं जेवण व्हायचं आणि संध्याकाळी मुली परत. तीच छबू एका महिन्यात तिन्ही वसतिगृहांत राहत होती.

पुढे दोन महिने स्वप्ना त्या टेम्पोच्या मागे होती. कधी एस.टी.ने, कधी कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून. सकाळी मुली चढताना तिने पाहिल्या, दुपारी दुसऱ्या तालुक्यात ओळीने उभ्या राहून नावं सांगताना पाहिल्या, संध्याकाळी उतरताना पाहिल्या. आयांशी बोलली. मग लेख लिहिला आणि पाकीट सांगलीच्या गाडीत दिलं.

लेख रविवारी छापून आला, जवळजवळ अर्धं पान. आप्पासाहेबांनी तो विहारात मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर तीन-चार दिवसांत त्याच दैनिकात पहिल्या पानावर चौकट आली. सदर लेखाबद्दल दिलगिरी, आणि लेखिकेचा या दैनिकाशी नोकरीचा कोणताही संबंध नाही, असा त्यातला मजकूर. स्वप्नाने फोन केला. ज्या उपसंपादकाने लेख घेताना शाबासकी दिली होती तो म्हणाला, मालकांवर दाब आला, मी काय करणार. मुक्त पत्रकार म्हणजे कुणीच ज्याच्या पाठीशी नाही असा पत्रकार, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिला बूथमध्ये उभ्या उभ्या कळला.

महिन्याभरात समन्स आलं. अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार, एक साताऱ्यात आणि दुसरी सांगलीत. दैनिकाने माफी मागितल्यामुळे थोरबोल्यांनी त्यांना सोडलं होतं. आरोपी ती एकटी. समन्स घेऊन पोलीस वस्तीत आला तेव्हा घराघरांतून माणसं बाहेर आली. आप्पासाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"आपल्या घरात कोर्टाचा कागद कवा आला न्हवता," ते म्हणाले. "खोटं लिवलंस का काय?"

"न्हाई."

"मग भ्याचं कारण न्हाई," ते म्हणाले, पण त्या दिवशी ते डेपोत गेले नाहीत.

सुमंत टेंबे आले ते या दिवसांत. सांगलीच्या गावभागात राहणारे, तीस-पस्तीस वर्षं वर्तमानपत्रांत काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. दम्याचा त्रास, खांद्याला शबनम, बोलण्यात एक प्रकारचा कडकपणा. लेखही त्यांनी वाचला होता आणि दिलगिरीची चौकटही. चौकट वाचून त्यांना इतका संताप आला की पत्ता विचारत ते थेट उंब्रजला आले. स्वप्नाला वाटलं, हे धीर द्यायला आलेत. त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर लेखाचं कात्रण काढलं आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही पाहिलंत, ऐकलंत की तुम्हाला वाटलं?"

प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न. पाहिलं असेल तर कुठून, किती लांबून, शेजारी कोण होतं. ऐकलं असेल तर कुणाकडून, आणि ते माणूस पुन्हा तेच सांगेल का. स्वप्ना आधी उत्साहाने, मग चिडून, मग उभी राहून उत्तरं देत होती. शेवटून तिसऱ्या परिच्छेदात ते थांबले. तिथे लिहिलं होतं, मुलींच्या तोंडच्या घासातून थोरबोल्यांचा नवा बंगला उभा राहिला आहे.

"हे?"

कोरेगाव स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं होतं. कोण, ते तिला आठवत नव्हतं.

"सगळा लेख खणखणीत आहे," टेंबे म्हणाले. "आणि हे एक वाक्य त्याला बुडवू शकतं. छापण्याआधी कुणी तुमच्यासमोर असं बसलं असतं तर ते उडालं असतं. ते काम संपादकाचं होतं. तुमच्या बाबतीत ते कुणी केलंच नाही."

स्वप्नाला रडू आलं नाही, राग आला. हा म्हातारा थोरबोल्यांऐवजी माझीच तपासणी करायला आला, असं ती आईला म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबत साताऱ्याच्या गाडीत ती होती.

साताऱ्यात टेंबे तिला अ‍ॅडव्होकेट शकुंतला बर्वे यांच्याकडे घेऊन गेले. बर्वे मूळच्या वाईच्या, नवरा बँकेत, स्वतः कोर्टात वीस वर्षं जमिनीचे आणि पोटगीचे दावे लढवत आलेल्या. अब्रुनुकसानीचा खटला त्यांनीही कधी चालवला नव्हता. त्यांनी ते लपवलं नाही. आठवडाभराने या, मी वाचून ठेवते, एवढंच म्हणाल्या. आठवड्यानंतर त्यांनी स्वप्नाला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की लिहिलेलं खरं असणं पुरेसं नाही. ते खरं होतं आणि लोकांच्या भल्यासाठी होतं, दोन्ही दाखवावं लागेल. आणि दाखवायचं ओझं तुझ्यावर.

"मग छबूलाच उभी करू," स्वप्ना म्हणाली. "ती सांगेल तीन नावं."

"नाही," बर्वे म्हणाल्या. "ती मुलगी त्या वस्तीवर राहणार आहे, त्याच रस्त्याने शाळेला जाणार आहे. मी तिला पिंजऱ्यात उभी करणार नाही. मोठं माणूस आण."

या एका गोष्टीवरून दोघींचं कित्येक वेळा वाजलं. स्वप्नाला वाटायचं, वकीलबाई हातातला हुकमी पत्ता टाकून देताहेत.

तारखा सुरू झाल्या. या काळात स्वप्नाची जी तगमग झाली ती पाहणाऱ्यांना विसरता आली नाही. तारीख म्हणजे जाणं, व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहणं, पुढची तारीख घेऊन येणं. ती कोर्टाच्या आवारात चिंचेच्या झाडापासून झेरॉक्सच्या टपरीपर्यंत सारखी ये-जा करायची. शिपाई ओळखू लागले होते. साताऱ्याची तारीख संपली की सांगलीची. सांगलीत टेंबे स्टँडवर घ्यायला यायचे आणि धापा टाकत तिच्या चालीने चालायचा प्रयत्न करायचे. घरी स्थळं येणं थांबलं. दुसरं कुठलं वर्तमानपत्र तिचं लेखन घेईना. तक्रार करण्याचा हेतूच तो होता. शिक्षा होवो न होवो, बाई थकली पाहिजे.

आणि साक्षीला कुणी तयार होईना. ज्या आया तिच्याशी तासन् तास बोलल्या होत्या, त्या आता दार लावून घेत. थोरबोल्यांची माणसं वस्त्यांवर फिरून गेली होती. पारूबाईंचे दीर कोंडीबा अंगणात आडवे येऊन म्हणाले, "आवं ताई, तुमी लिवून मोकळ्या झाला. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय." त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून तिला अधिकच बेचैन व्हायला झालं.

१९९६च्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी घडल्या. सांगलीच्या कोर्टात थोरबोले सतत गैरहजर राहिले म्हणून तिथली तक्रार निकालात निघाली. आणि समाजकल्याण खात्यात नवा विभागीय अधिकारी आला, त्याने न कळवता वसतिगृहांना भेट दिली. पटावर होत्या तेवढ्या मुली सापडल्या नाहीत. अनुदान बंद झालं आणि तिन्ही वसतिगृहांना कुलपं लागली.

ही बातमी कळली तेव्हा स्वप्ना डेपोत धावत गेली आणि वडिलांना ती सांगितली. मग तिला राहवेना म्हणून कोरेगावजवळचं कुलूप लागलेलं वसतिगृह बघायलाही गेली. तिथे स्वयंपाकीण दगडाबाई आपली भांडी पोत्यात भरत होती. तिने स्वप्नाला ओळखलं. कडवट बोलली नाही, नुसतं सांगितलं, की टेम्पोतल्या पोरी खोट्या होत्या पण काही पोरी खऱ्या होत्या. आठ-दहा तरी. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात त्यांच्या. त्या इथंच जेवत, इथंच झोपत, इथून शाळेला जात. परवा त्यांना पेट्या उचलायला लावल्या.

स्वप्नाने त्या मुलींना पाहिलं होतं. तपासणीच्या दिवशी त्या मागच्या बाजूला भांडी घासत होत्या. तिच्या लेखात त्या कुठेच नव्हत्या.

त्या दिवसापासून तिच्या फिरण्याला दुसरी दिशा लागली. दोन तारखांच्या मध्ये ती त्या मुलींना शोधू लागली. दगडाबाईला गावं आठवत होती. बर्वे मॅडमनी ओळखी काढून त्यातल्या बऱ्याच जणींना कराडच्या एका चांगल्या वसतिगृहात घालून दिलं. दोघी घरच्यांबरोबर ऊसतोडीला निघून गेल्या होत्या. शालू नावाच्या एकीचा पत्ताच लागेना. आईबापांनी गाव सोडलं होतं.

खटल्यात साक्षीदार नव्हता तो नव्हता. १९९७च्या उन्हाळ्यात एके दिवशी पारूबाई स्वतःच बर्वे मॅडमच्या कचेरीत येऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पोरीला पुढं करू नका म्हणून वकीलबाई भांडल्या, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ज्या बाईने माझी पोर राखली तिच्यासाठी मी येते, असं त्या म्हणाल्या. स्वप्ना तिथेच होती. तिने खाली मान घातली.

साक्षीच्या दिवशी थोरबोल्यांच्या वकिलाने पारूबाईंना उलटं विचारलं, की म्हणजे तुम्ही मुलीला खोटं बोलायला पाठवत होता तर. स्वप्ना भिंतीला टेकून उभी होती.

"व्हय, पाठवत हुते," पारूबाई म्हणाल्या. "पोटभर जेवायला मिळायचं नि एक फ्रॉक. आमी खोटं बोललो, ते मी सांगतीया. ज्यांनी बोलाया लावलं, त्यांनी बी हितं यून सांगावं."

वकिलाने आणखी बरंच विचारलं. त्या तेच सांगत राहिल्या.

पुढच्या तारखेला स्वप्नाची स्वतःची जबानी होती. आदल्या दिवशी कचेरीत तिघांची बैठक झाली आणि त्यात बर्वे आणि टेंबे यांचं पहिल्यांदाच पटलं नाही. विषय ते बंगल्याचं वाक्य. बर्वे म्हणत होत्या, विरुद्ध वकिलाने जोर दिलेला नाही, आपण होऊन काढू नकोस. विचारलं तर बघू. टेंबे म्हणत होते, बाकीचा लेख खरा म्हणून उभा करायचा असेल तर न टिकणारं वाक्य आपणच बाजूला काढलं पाहिजे. नाहीतर त्याच्या सावलीत सगळंच संशयाचं दिसतं. एक तिची सुटका पाहत होत्या, दुसरे तिचं लिखाण. दोघांनाही तिचं भलंच हवं होतं. शेवटी बर्वे म्हणाल्या, "आरोपी तू आहेस. तू ठरव."

तिने घरी जाऊन ठरवलं नाही. पिंजऱ्यात उभी राहीपर्यंत तिचं ठरलं नव्हतं, असं तिने पुढे सांगितलं. थोरबोल्यांच्या वकिलाने लेख हातात धरून सहज विचारलं, यातला प्रत्येक शब्द तुम्ही तपासून लिहिलात का. हो म्हणून मोकळं होता आलं असतं. समोरच्या बाकावर पारूबाई बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचं काही काम नव्हतं, तरी आल्या होत्या.

"एक वाक्य सोडून," स्वप्ना म्हणाली. "बंगल्याचं वाक्य मी ऐकीव लिहिलं. ते मला माहीत नव्हतं. ते मी मागे घेते. बाकी सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय."

बर्वे मॅडमनी डोळे मिटून घेतले.

निकाल १९९८च्या मार्चमध्ये लागला. टेम्पो, मुली, खोटी नावं, हे सगळं खरं असून लोकहितासाठी लिहिलं गेलं, असं न्यायाधीशांनी म्हटलं. बंगल्याच्या वाक्याला मात्र आधार नव्हता आणि आरोपीने ते कबूल केलं आहे. तेवढ्यापुरती ती दोषी. किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

म्हणजे तुरुंग नाही. कोर्टाचं त्या दिवशीचं काम संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. शिपायाने कोपऱ्यातला बाक दाखवला. सकाळी निकाल लागला होता, दिवस सगळा बाकी होता. आयुष्यात कधी एका जागी न बसलेली स्वप्ना भिसे त्या बाकावर बसली. समोर इतरांचे खटले चालू होते, बांधाचे, मारामारीचे, धनादेश न वटल्याचे. पाय सारखा हलत होता, तो ती हाताने दाबून धरत होती. आप्पासाहेब तिच्या शेजारी येऊन बसले. बोलायची परवानगी नव्हती. दुपारी त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून तिच्या ओंजळीत ठेवले. संध्याकाळी न्यायाधीश उठले तेव्हा ती चटकन उठली नाही. सगळे बाहेर पडल्यावर उठली.

व्हरांड्यात बर्वे मॅडम तिला म्हणाल्या, "माझं ऐकलं असतंस तर कदाचित पूर्ण सुटली असतीस." आणि अपील करू या असंही म्हणाल्या. स्वप्नाने नको म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, शेवटपर्यंत पटलं नाही.

तरी बर्वे आणि टेंबे यांनी एक गोष्ट सुरू केली. दर महिन्याच्या एका रविवारी बर्वे मॅडमच्या कचेरीत बसायचं. सातारा-सांगलीकडचे जे कुणी मुक्तपणे लिहितात, ज्यांच्या पाठीशी कचेरी नाही, त्यांनी छापण्याआधी आपला मजकूर घेऊन यायचं. एकाने संपादक म्हणून वाचायचा, दुसरीने वकील म्हणून. फी नाही, पाटी नाही. मीही तिथे एका धरणाच्या कालव्याबद्दलचा लेख घेऊन गेलो होतो, म्हणून ही सगळी हकिगत मला ठाऊक. टेंब्यांचा दमा वाढला तेव्हा त्यांच्या खुर्चीवर स्वप्ना आली. म्हणजे खुर्ची होती, ती उभीच असायची. माझ्या लेखातला जवळजवळ तिसरा भाग तिने उडवला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. जो उरला त्यावर नोटीस आली आणि बर्वे मॅडमच्या एका उत्तरात ती थंड झाली.

निकाल लागला त्याच वर्षी दिवाळीनंतर स्वप्नाला शालूचा पत्ता लागला. शिरवळला एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. लग्न झालं होतं. स्वप्ना फाटकाबाहेर पाळी सुटायची वाट पाहत थांबली. शालूने तिला ओळखलं नाही, मग सांगितल्यावर ओळखलं. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. ट्रक जात होते म्हणून मोठ्याने बोलावं लागत होतं.

"तुमी लिवलं ते खरंच हुतं," शालू म्हणाली. "आमाला बी दिसायचं की. पण त्या साली माजी धाव्वी हुती."

स्वप्नाने सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं, बाहेरून परीक्षेला बसता येतं म्हणाली. शालूने घरी विचारते असं सांगितलं आणि बस आली तशी ती चढून गेली. स्वप्ना त्यानंतर शिरवळला जात राहिली. एकदा शालूच्या सासूने तिला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या खेपेला आत घेतलं, चहा दिला. फॉर्म भरला गेला. शालू परीक्षेला बसली आणि गणितात राहिली. ऑक्टोबरला पुन्हा बसणार होती. स्वप्नाने तिच्यासाठी शिरवळच्याच एका निवृत्त मास्तरांना गाठलं होतं, आणि मास्तर रविवारीच मोकळे असत, त्यामुळे आमच्या साताऱ्याच्या बैठकीला तिला दर वेळी उशीर व्हायचा.